खाऊन खाऊन ११८ किलो, आणि रिपोर्टात खडखडाट

पत्र:

ताई नमस्कार. मी तासगावची, वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८ किलो. घरीच ब्लाउज शिवते, दोन मशिनी आहेत. सहा वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, अ‍ॅसिडिटीची पण एक गोळी रोज सकाळी असते. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून सगळ्यांशी भांडून वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं, स्लीव्ह म्हणजे पोट कापून लहान करायचं ते. तारीख पण मिळाली होती. आता रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात हिमोग्लोबिन ९.२, बी-१२ १४८, व्हिटॅमिन डी ९, आधी हे भरून काढू, ऑपरेशन दोन महिने पुढं. सासूबाई म्हणाल्या, "खाऊन खाऊन एवढी झाली आणि म्हणे अंगात काही नाही." मलाही खरंच कळंना, एवढ्या वजनाच्या माणसाला कसली कमतरता? डॉक्टर उगंच टाळतायत का? दुसरं म्हणजे माझ्या जाऊबाईंचं पाच वर्षांपूर्वी वजनाचंच बायपास ऑपरेशन झालंय, ४० किलो उतरल्या. त्या म्हणतात गोळ्या पहिलं वर्षभरच घ्यायच्या, नंतर काही लागत नाही. हल्ली त्यांच्या पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, पण वयामुळं असंल म्हणतात, त्या ४७ च्या आहेत. घरात आम्ही सगळे माळकरी. ऑपरेशन करू का नको ते सांगा.

उत्तर:

वहिनी, आधी जाऊबाईंचं सांगते, कारण तुमचं दोन महिने थांबेल, त्यांचं थांबणार नाही. चप्पल मागं राहिली आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळलं, हे वयाचं लक्षण नव्हे, ४७ हे काय वय आहे का ओ. तळपायाच्या नसा खबर द्यायच्या बंद झाल्यात. बायपासला पाच वर्षं, त्यातली चार वर्षं गोळी नाही, घरात माळ, म्हणजे बी-१२ तळाला गेलं असायची शक्यता सगळ्यात जास्त, आणि त्याच्या जोडीला कॉपर म्हणजे तांबं पण कमी असू शकतं, दोन्हींची लक्षणं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायला लावा. का ते पुढं सांगते, पण पुढचं वाचायच्या आधी त्यांना फोन करा.

केला? आता तुमचं.

डॉक्टर टाळत नाहीत. उलट हे आकडे बघून तारीख पुढं ढकलणारा डॉक्टर मिळाला म्हणून पेढे वाटा (वाटायचे फक्त, शुगर आहे तुम्हाला). अंगावरचं वजन म्हणजे साठवलेल्या कॅलरी, बाकी काही नाही. तुमच्याच दुकानाचं बघा ना, कपाटात ब्लाउजपीसची थप्पी लागलीय, पण रिळं संपलीत, हुक नाहीत, अस्तर नाही. कापड ढीगभर असून एक तरी ब्लाउज पुरा होईल का? लोह, बी-१२, डी, फोलेट, झिंक ही सगळी रिळं आणि हुक. ती वेगळी आणावी लागतात, आणि चपाती भात बटाटा साखर यातून कापडच येत राहतं. सासूबाईंचं गणित चुकलंय खरं, पण त्यांना तरी काय बोलायचं, जाड माणूस म्हणजे खातापिता माणूस असंच सगळीकडं धरतात, आणि प्रत्यक्षात ऑपरेशनच्या आधी तपासायला गेलं की अशा माणसांत डी, लोह, बी-१२ कमी सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात तुमचं काही जगावेगळं नाही.

तुम्ही काय खाता ते पत्रात लिहिलं नाही, पण मी मिरज-सांगलीकडं वीसेक वर्षं बायकांची ताटं लिहून घेतीय त्यामुळं अंदाजानं सांगते, चुकलं तर कान धरा. सकाळी चहा-खारी, अकराला परत चहा, जेवायला सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायचं, तोवर आमटीतली डाळ संपलेली असते आणि पातेल्यात राहतं वरचं पाणी, ते भातावर घ्यायचं, उरलेली दीड चपाती टाकवत नाही म्हणून ती पण, संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की चहा आणि भडंग. पोट भरतं, वजन वाढतं, आणि दिवसभरात प्रोटीन ३० ग्रॅम सुद्धा होत नाही. सारखा चहा, तोही जेवणाला लागून, म्हणजे भाजीतनं जे काय थोडं लोह आलं असतं ते पण चहातल्या टॅनिननं अडवलं. दिवसभर मशिनीवर आत बसून काम, ऊन लागतं ते दळण आणायला जाताना तेवढंच, मग डी ९ येणार नाही तर काय. शिवाय डी हे चरबीत विरघळणारं, अंगात चरबी जास्त असली की ते तिथंच मुरून बसतं, रक्तात कमी दिसतं.

बी-१२ चं तुमच्या बाबतीत तिहेरी आहे. एक तर माळ, म्हणजे मटण अंडी नाही, राहिलं दूध-दही. दुसरं, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चाललं की बी-१२ कमी होतं, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं पण ओपीडीच्या गर्दीत कोण सांगत बसणार. तिसरं ती सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी, अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि ही गोळी नेमकं तेच बंद करते. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनानं बंद करू नका हां, शुगर चढेल. फक्त बी-१२ भरून घ्यायचं, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी खरंच अजून लागते का एवढं विचारा. माझा अनुभव असा की निम्म्या लोकांना ती कुणी कधी सुरू केली तेच आठवत नाही.

लोहाचं जरा नीट सांगते कारण इथं रिपोर्ट फसवतो. हिमोग्लोबिन ९.२ आहे, बायकांना १२ पाहिजे, ते दिसतंच आहे. पण फेरिटिन नावाची अजून एक तपासणी असते, अंगातला लोहाचा साठा दाखवणारी, ती केलीय का बघा. समजा ती ५० आली, लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या रकान्यात बसली, आणि कुणीतरी म्हणालं साठा भरपूर आहे, तरी लगेच मान डोलवू नका. वजन खूप असलं की अंगात सतत बारीक धग राहते, डॉक्टर तिला सूज म्हणतात, वरून काही दिसत नाही. त्या सुजेमुळं फेरिटिन उगंचच वर दिसतं. आणि त्याच सुजेमुळं यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं, ते आतड्याच्या दारात उभं राहतं आणि लोहाला रक्तात उतरू देत नाही. म्हणजे तुम्ही खजूर खा, आळीव खा, पालक खा, दारातूनच परत. म्हणून फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर खरंच किती लोह बसलंय ते, ते २० टक्क्यांच्या खाली असलं तर लोह कमीच आहे, फेरिटिन काही का म्हणेना. गोळीनं वेळेत भरत नसेल तर डॉक्टर शिरेतून आयर्न देतील, सलाईनसारखं, त्याला घाबरू नका, ऑपरेशन तोंडावर असताना तोच सरळ रस्ता असतो बरेचदा. आणि एक राहिलंच, पाळी कशी आहे? ४३ म्हणजे बऱ्याच जणींना गाठीबिठी होऊन खूप जातं. खालून गळती चालू आणि वरून गोळ्या ओतायच्या असं नको, एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

आता हे सगळं आधीच का? तुमच्या तासगावात द्राक्षबागवाल्याला विचारा, शेततळं कधी भरून घेतात. उन्हाळा लागल्यावर नाही. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते केळ्यासारखी एक नळी, शंभर-दीडशे मिली मावेल एवढी. पहिले काही आठवडे तर तुम्ही पातळ पदार्थांवरच असणार, दोन घोटात पोट भरणार. त्याच्याही आधी यकृताची चरबी उतरावी म्हणून पंधरा दिवस कमी कॅलरीचं खाणं देतात. म्हणजे महिना-दोन महिने आवक जवळपास बंद, आणि जखम भरायची आहे, रक्त नवं बनायचंय. अशा वेळी हिमोग्लोबिन ९.२ वर असताना आत जायचं म्हणजे मार्च महिन्यात कोरडं शेततळं.

आणि नंतरही आवक पूर्वीसारखी कधीच होत नाही. हे जाऊबाईंना कुणी नीट समजावलं नाही किंवा सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही, दोन्ही होऊ शकतं. पोटाच्या भिंतीतल्या ज्या पेशी अ‍ॅसिड बनवतात त्याच पेशी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रोटीन पण बनवतात, बी-१२ त्याचा हात धरूनच पार लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जातं आणि तिथं रक्तात शिरतं. स्लीव्हमध्ये त्या पेशी मोठ्या संख्येनं कापून जातात. बायपासमध्ये पोटाची लिंबाएवढी पिशवी ठेवतात आणि अन्न उरलेल्या पोटाला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढं जातं, आणि लोह, कॅल्शियम मुख्यतः त्या पहिल्या भागातच शोषलं जातं. तो बायपास रोड झाला, गाव लागतच नाही वाटेत, मग बाजार कसा होणार.

मग जाऊबाईंना चार वर्षं काहीच कसं झालं नाही? इथंच तर सगळे फसतात. बी-१२ रोज लागतं फक्त दोन-अडीच मायक्रोग्राम आणि यकृतात साठा असतो काही मिलिग्रामचा, म्हणजे वर्षानुवर्षं पुरणारा. गोळी बंद केली, महिना गेला काही नाही, वर्ष गेलं काही नाही, वजन उतरलेलं, नवे ड्रेस, सगळे म्हणतायत किती छान दिसतेस. माणूस म्हणणारच, कशाला हव्यात गोळ्या. आणि साठा संपतो तेव्हा सुरुवात होते पायाच्या बोटांपासून, मुंग्या, मग बधिरपणा, मग डोळे मिटले की तोल जातो, तोंड धुताना बेसिन धरावं लागतं. त्यांना विचारा बरं हे होतं का. लवकर इंजेक्शनं सुरू झाली तर बरंचसं परत येतं, फार उशीर झाला तर नसा पूर्ण सुधारत नाहीत, म्हणून म्हटलं याच आठवड्यात. दोन गोष्टी त्यांनी करायच्या नाहीत. मेडिकलमधून नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणून घ्यायची नाही, त्यानं हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांची नासाडी चालूच राहते. आणि शेजारच्या दवाखान्यातून नसांची गोळी घेऊन मुंग्या दाबायच्या नाहीत, त्या दबतील, कारण तसंच राहील. बायपास झालंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, पोटावर टाके बारीक असतात, कुणाला आपोआप कळत नाही.

आता एक गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. बरीच वर्षं झाली. वाळव्याकडचा एक पस्तिशीतला माणूस, स्वतःचा ट्रक, स्लीव्ह होऊन महिना-सव्वा महिना झालेला. फोन आला, "मॅडम, उलट्या होत्यात." मी नेहमीचं सांगितलं, सावकाश खा, बारीक चावा, घास छोटा घ्या, पाणी जेवताना नको. किती दिवस होतायत हे विचारलंच नाही. तीन आठवडे होत होत्या. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला एकाचे दोन दिसायला लागले, चालताना झोकांड्या जायला लागल्या, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. घरच्यांना वाटलं पिऊन आलाय. बायकोनं भांडण काढलं, भाऊ बोलायचा बंद झाला. तिला तेवढ्यात एकदा वास घ्यावा वाटलं म्हणून बरं, वास नव्हता, आणि तिनं मोठ्या दवाखान्यात नेला.

ते होतं बी-१, थायमिन. याचा साठा अंगात फक्त दोन-तीन आठवड्यांचा असतो, बी-१२ सारखा वर्षांचा नाही. तीन आठवडे उलट्या म्हणजे संपलं. साखर जाळायला थायमिन लागतं, त्यामुळं तळाशी जे उरलंसुरलं होतं ते त्या ग्लुकोजनं खर्ची घातलं आणि मेंदूवर आलं. वर्निकीज म्हणतात त्याला. शिरेतून थायमिन दिल्यावर डोळे लवकर सुधारले, चाल सुधारायला मात्र कित्येक महिने गेले, ट्रक विकला. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न किती दिवस हाच विचारते. तर वहिनी हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा, नवऱ्याला पण वाचून दाखवा: ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांच्या वर उलट्या राहिल्या तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन, आणि कुठंही सलाईन लावायची वेळ आली तर "वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या" हे ठणकावून सांगायचं. डोळे, तोल, बोलणं यातलं काही बिघडलं तर तडक मोठ्या दवाखान्यात, घरगुती उपाय नाही.

बाकी गोळ्यांचं. नेमका डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, पण काय मागायचं ते माहीत असावं. रोज एक चांगली मल्टिव्हिटॅमिन जिच्यात झिंक, कॉपर, थायमिन सगळं असेल, सुरुवातीला चघळायची किंवा पातळ. बी-१२ तोंडानं रोज ३५० ते १००० मायक्रोग्राम, नाहीतर महिन्याला १००० चं इंजेक्शन, मी तुमच्या जागी असते तर इंजेक्शनच घेतलं असतं, विसरायचा प्रश्न नाही. लोह पाळी चालू असणाऱ्या बाईला रोज ४५ ते ६० मिलिग्राम, हा आकडा शुद्ध लोहाचा, पाकिटावरचा मोठा आकडा बरेचदा क्षाराचा असतो, फार्मसिस्टला विचारून घ्या. डी रोज साधारण ३००० युनिट, रक्तात ३० च्या वर येईपर्यंत, आत्ता भरून काढायला आठवड्याचं ६०,००० चं पाकीट दिलं असेल तर ते दुधासोबत किंवा जेवणानंतर, उपाशीपोटी नको. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्राम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर अंगाला लागत नाही म्हणून तीन वेळा, आणि सायट्रेट मागा. साधं स्वस्त मिळतं ते कार्बोनेट, त्याला विरघळायला अ‍ॅसिड लागतं, ते तर आता कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर गव्हाच्या दाण्याएवढा चुना खायचा सल्ला फिरतो ना, तो नाद नको.

आणि खरी मेख आहे वेळेची. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की एकमेकांना अडवतात, मध्ये दोन तास पाहिजेत. चहा तर लोहाचा वैरीच. तुमच्या दिवसात बसवून बघितलं मी: सकाळी नाष्ट्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, अकराला जो चहा होतो तो बंद, त्या जागी लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर (साखर नाही), मग दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी पाचला आणि रात्री झोपायच्या आधी कॅल्शियम. गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका, मशिनीच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीशेजारी ठेवा, दिवसातनं दहा वेळा उघडता तो.

प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम लागेल. माळकरी घरात हे अवघड आहे हे खोटं नाही बोलत, पण होतं. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम, पातळ आमटीत त्याच्या निम्मं पण नाही. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ग्लासभर दुधात सहा-सात. सोयाबीनच्या वड्या आपल्याकडं पोरं खात नाहीत म्हणून कुणी आणत नाही, पण कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ५० च्या वर प्रोटीन असतं, दुसरं शाकाहारी काही त्याच्या जवळ जात नाही. मोड आलेली मटकी, हुलगा, ताक, चक्का. हुलग्याचं माडगं तर या ऑपरेशनवाल्यांसाठीच बनवल्यासारखं आहे, पातळ, गरम, पोटाला बसणारं, फक्त गूळ न घालता ताकातलं करा आणि पीठ जरा सढळ. तरी पहिले तीन-चार महिने पावडरशिवाय भागणार नाही, व्हे प्रोटीन दुधाचंच असतं, माळेला चालतं, सासूबाईंना डबा वाचून दाखवा. जेवताना आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर चपातीचा तुकडा. उरत नाही सहसा.

उपवासाचं पण आत्ताच बोलून ठेवते. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि फराळाला साबुदाणा आणि बटाटा. तुमची वाटीभरच जागा, ती साबुदाण्यानं भरली तर त्या दिवशी प्रोटीन शून्य. पहिलं दीड वर्ष उपवास नाही, पांडुरंगाला चालतं, मी अनेक माळकऱ्यांना सांगितलंय आणि कुणाची तक्रार आली नाही. गोडाचं, बायपासवाल्यांना कंदी पेढा नाहीतर उसाचा रस घेतल्यावर घाम सुटतो, धडधडतं, कळ येते, स्लीव्हवाल्यांना कमी होतं पण होऊ शकतं.

मिसरी लावता का? पत्रात नाही, पण मी प्रत्येकीला विचारते कारण आमच्या भागात कुणी ती तंबाखू म्हणून धरतच नाही, डॉक्टरनं विचारलं तंबाखू खाता का तर सरळ नाही म्हणतात. लावत असाल तर आत्तापासून बंद, ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी, आतले टाके भरत नाहीत नाहीतर, बायपासवाल्यांना तर जोडावरच अल्सर होतात. जाऊबाईंना पण विचारा. आणि गुडघ्यासाठी त्या मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या घेत असतील तर त्यानं पण तेच होतं.

केस गळणार. तिसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू होतील, विंचरताना मूठभर हातात येतील आणि तुम्ही रडाल, सगळ्या रडतात. एवढ्या झपाट्यानं वजन उतरल्याचा तो धक्का असतो, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर काही महिन्यांत थांबतं आणि नवे येतात. तेव्हा पार्लरवाली बायोटिन देईल, त्यानं फार काही होत नाही, उलट थायरॉईडच्या तपासणीचे आकडे बिघडवतं. झिंकच्या ज्यादा गोळ्या तर मुळीच नकोत, जास्त झिंक तांब्याला हुसकावून लावतं आणि परत जाऊबाईंसारख्या मुंग्या. वर्षाच्या पुढंही गळत राहिले तर मात्र तपासायचं.

तपासण्या ऑपरेशननंतर तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग दरवर्षी, कायम. त्यात पीटीएच नावाची पण लिहून घ्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या हार्मोनची ती तपासणी. नुसतं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडं चांगली असं नसतं, रक्तात कमी पडलं की शरीर हाडातनं उपसून आकडा बरोबर ठेवतं, आणि ती उपसणी पीटीएच वाढल्यावरून कळते. तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या तरुण पोरींसाठी, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदर राहायचं नाही, आणि राहायच्या आधी डॉक्टरांकडून सगळे आकडे बघून घ्यायचे.

करू का नको विचारलंत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४७ च्या वर येतो, शुगर आहे, गुडघे गेलेत. २०२२ साली जागतिक संघटनांनी जे निकष सुधारले त्यात ३५ च्या वर दुसरा कुठलाही आजार नसला तरी ऑपरेशन सुचवतात, आपल्या आशियाई लोकांना तर त्याच्याही खूप खाली. त्यामुळं कारण पक्कं आहे, मी असते तर केलं असतं. फक्त ऑपरेशनचा खर्च विचारला तसा महिन्याच्या गोळ्यांचा आणि वर्षाच्या तपासण्यांचा खर्च पण आत्ताच विचारा, आणि मालकांना शेजारी बसवून विचारा, कारण तो जन्मभराचा आहे. तो जमणार नसेल तर दोन महिने नाही, कायमचंच पुढं ढकला, गुडघ्याचं आणि शुगरचं दुसऱ्या वाटेनं बघू. जमणार असेल तर हे दोन महिने वाया गेले असं समजू नका, सहा-आठ आठवड्यांनी परत हिमोग्लोबिन करा आणि नवा आकडा मला कळवा.

जाऊबाईंना तोवर मागं पट्टा असलेली चप्पल घालायला सांगा, अंधारात बाथरूमला जाताना लाइट लावायला सांगा, आणि रोज रात्री तळपाय हातात धरून बघायला सांगा कुठं लागलंय का, कारण लागलेलं त्यांना कळणार नाही. तुम्हीच जा त्यांच्याबरोबर रक्त द्यायला, एकट्या गेल्या तर अर्ध्या वाटेतनं परत येतील.